दोन मायक्रॉनच्या खाली

१८५९ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या सॅम्युएल हॉटन यांनी नागपूरहून आलेल्या दोन खनिजांचे वर्णन छापले. एक टाकळीचे, गवतासारखे हिरवेगार कॅल्साइट. दुसरे मातकट, अ‍ॅल्युमिनियमचे जलयुक्त सिलिकेट. पहिल्याला त्यांनी हिस्लोपाइट म्हटले, दुसऱ्याला हंटराइट. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे नागपुरात राहिलेले स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रचाराच्या फेऱ्यांमध्ये दगड, शिंपले, हाडांचे जीवाश्म गोळा करण्याचा दोघांना नाद होता, आणि नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा त्यांचा प्रबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला होता. हिस्लॉप यांचे नाव पुढे नागपुरातल्या कॉलेजाला मिळाले आणि टिकले. खनिजांना मिळालेली दोन्ही नावे मात्र आज कोणी वापरत नाही.

ती टिकली नाहीत, पण यात हॉटन यांचा निष्काळजीपणा नव्हता. हिरवा रंग कॅल्साइटचा नसून त्यात मिसळलेल्या ग्लॉकोनाइटसारख्या सिलिकेटचा आहे, हे त्यांनीही ओळखले होते. पण ते सिलिकेट इतके बारीक विखुरलेले, की वेगळे काढून तपासायची सोयच नाही. रासायनिक पृथक्करणाने चुना किती, सिलिका किती, लोह किती हे कळते. हे सगळे एका खनिजात आहे की चार खनिजांच्या मिश्रणात, हे मात्र त्या आकड्यांवर लिहिलेले नसते.

पन्नास वर्षांनी हाच प्रकार पुन्हा घडला, तोही नागपूर जिल्ह्यातच. भारताच्या मँगनीज साठ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिणारे एल. एल. फर्मोर यांनी रामटेककडच्या बेलडोंगरीच्या खाणीतल्या एका चुंबकीय धातुकाला आपले सहकारी अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांच्यावरून व्रेडेनबर्गाइट असे नाव दिले. पुढे बारकाईने तपासल्यावर कळले की त्यात दोन खनिजे आहेत: हाउसमनाइट आणि जेकबसाइट, एकमेकांत ठरावीक दिशेने बारीक विणली गेलेली. पृथक्करणाचे आकडे बरोबर होते. ते दोघांच्या सरासरीचे होते, इतकेच.

बारीक दगडाची अडचण ही अशी आहे. दगड ओळखण्याचे जुने हत्यार म्हणजे काचपट्टीवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर, म्हणजे ३० मायक्रॉन जाडीपर्यंत घासलेली चकती आणि ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक. ग्रॅनाइटसारख्या दगडापुढे हे हत्यार आजही अव्वल आहे. सीताबर्डीच्या टेकडीचा किंवा गिट्टीखदानच्या खाणींतून निघालेला काळा बसाल्ट घेतला, तर त्यातले प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिनचे मोठे स्फटिक दिसतात, पण त्यांच्या मधला गाळा गढूळच राहतो. आणि लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारी लाल-हिरवी माती किंवा त्या बसाल्टावर तयार झालेली शेतातली काळी जमीन घेतली, तर तिथे कणच दोन मायक्रॉन किंवा त्याहून लहान. चकतीच्या जाडीत असे पंधरा कण एकावर एक बसतात, आणि प्रकाश त्या पंधरांतून एकदम पार होतो. काय दिसणार?

क्ष-किरणांचे तसे नाही. स्फटिकातल्या अणूंचे थर एकमेकांपासून ठरावीक अंतरावर असतात. त्यांच्यावर ठरावीक तरंगलांबीचा किरण सोडला की काही नेमक्या कोनांतच तो जोरात परततो, आणि कोनावरून थरांमधले अंतर काढता येते. १९१२ मध्ये लाउए आणि त्यापाठोपाठ ब्रॅग पितापुत्रांनी हे दाखवले, ते मोठ्या एकसंध स्फटिकांवर. १९१६ मध्ये डिबाय आणि शेरर यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत हल यांनी, भुकटीवरही ते जमते हे दाखवले. तरी माती त्यानंतर बरीच वर्षे या तपासणीच्या बाहेरच राहिली, कारण मातीतला चिकण भाग म्हणजे आकारहीन लगदा, अशीच अनेकांची समजूत होती. १९३० मध्ये हेंड्रिक्स आणि फ्राय यांनी मातीतल्या चिकणकणांचे क्ष-किरण आलेख काढले, तेव्हा कुठे तेही स्फटिकच आहेत हे पक्के झाले.

नागपुरात आज या तंत्राचा रोजचा राबता आहे. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय, सिव्हिल लाइन्समध्ये भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आणि हिंगण्याला त्याची खनिज प्रयोगशाळा, अमरावती रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, त्याच रस्त्याने पुढे वाडीला अ‍ॅल्युमिनियमवर संशोधन करणारे जवाहरलाल नेहरू केंद्र. कोणाचा दगड, कोणाची माती, कोणाचे बॉक्साइट. क्ष-किरणांच्या या तपासणीला सगळे एक्सआरडी म्हणतात, आणि यंत्रही साधारण सारखेच. पण या यंत्राला नमुना जसा द्याल तसे उत्तर मिळते. आलेख तासाभरात निघतो. तो वाचण्याजोगा निघावा म्हणून आधी आठवडाभर राबावे लागू शकते. पाहुण्यांना यंत्र दाखवतात, मागच्या खोलीतला खल आणि काचेची नळकांडी कोणी दाखवत नाही. या प्रकरणात आपण मागच्या खोलीतच थांबणार आहोत.

सुरुवात हातोडीने होते. झिजलेली साल काढून आतला ताजा दगड घ्यायचा, जबड्याच्या क्रशरमधून काढायचा आणि ढिगातून थोडा भाग वेगळा करायचा. चमचाभर वरून उचलला की फसगत झालीच, कारण ढीग ओतताना जड कण एकीकडे जातात, हलके दुसरीकडे. म्हणून ढिगाचा शंकू करायचा, तो चपटा करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि पुन्हा तेच. कंटाळवाणे काम आहे आणि घाई नेमकी इथेच होते. दुसरी घाई चाळणीवर. बहुतेक भुकटी खाली उतरली की वर राहिलेला चमचाभर चोथा फेकून द्यावासा वाटतो. पण जे उतरत नाही ते कठीण खनिज असते, बहुधा क्वार्ट्झ. ते फेकले म्हणजे दगडाची घडणच बदलली. चोथा परत खलात गेला पाहिजे, सगळा चाळणीतून उतरेपर्यंत.

खल अकिकाचा. लोखंडी खलातून लोह मिसळते. अकीक कठीण, म्हणून कमी झिजतो, आणि झिजला तरी सिलिकाच मिसळते. अर्थात जो क्वार्ट्झचा अंश शोधतो आहे त्याला हेही विसरून चालत नाही. गंमत म्हणजे अकीक दख्खनच्या बसाल्टाच्या पोकळ्यांमध्येच तयार होतो, तेव्हा हा बसाल्ट बऱ्याचदा त्याच्याच कुळातल्या दगडाने कुटला जातो.

किती बारीक? ३२५ मेशच्या चाळणीतून उतरलेली भुकटी, म्हणजे सुमारे ४५ मायक्रॉनपेक्षा लहान कण, चिमटीत घेतली तर बोटांना कण लागत नाही. नवशिक्याला इथे काम झाल्यासारखे वाटते. आता हिशोब पाहा. किरणाखाली साधारण २० घनमिलिमीटर भुकटी येते असे धरू. कण ४० मायक्रॉनचे असतील तर त्यात सुमारे सहा लाख कण मावतात. सहा लाख म्हणजे पुष्कळ. पण एखाद्या कोनात किरण परतवण्यासाठी कण नेमका त्या दिशेने वळलेला हवा, आणि तसे त्या सहा लाखांत जेमतेम १२ असतात. बाराचे नऊ किंवा पंधरा झाले, आणि ते सहज होतात, की आलेखातल्या त्या कोनाच्या रेषेची उंची पाव हिश्शाने इकडची तिकडे. तोच नमुना पुन्हा भरून लावला तर उत्तर वेगळे. कण १० मायक्रॉनचे केले की संख्या ३ कोटी ८० लाखांवर जाते आणि नेमके वळलेले कण सुमारे ७६० होतात. चूक चार टक्क्यांच्या आत येते. चाळणी हे काम करू शकत नाही. त्यासाठी अकिकाच्या लहान दंडगोलांनी भरलेली, सतत हलणारी डबी वापरतात आणि दळण अल्कोहोलमध्ये ओले करतात.

ओले कशासाठी? कोरडे आणि फार वेळ दळले तर खनिजाला उष्णता आणि मार दोन्ही बसतात. केओलिनाइटचे थर विस्कटतात आणि त्याची टोकदार रेषा पसरट होते. जिप्समचे पाणी निघून जाते आणि आलेखात दुसरेच खनिज येऊन बसते. कॅल्साइट तर खूप वेळ दळले की काही प्रमाणात अ‍ॅरागोनाइट होऊ लागते: रसायन तेच, अणूंची रचना वेगळी. मग एखाद्याने अहवालात अ‍ॅरागोनाइट लिहिले तर ते टेकडीवरचे की खलातले? जाड राहिले तरी खोटे, अती बारीक केले तरी खोटे. मधली जागा काही मिनिटांची असते आणि ती खनिजागणिक बदलते. क्वार्ट्झ आणि चिकणमाती एकाच डबीत असतील तर दोघांना एकदम न्याय मिळतच नाही. क्वार्ट्झ पुरेसा बारीक होईस्तोवर मातीचा कस निघालेला असतो.

भुकटी झाली, आता ती ठेवण्याची. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या चकतीला उथळ खळगा असतो. त्यात भुकटी भरून वरून काचपट्टीने दाबली की पृष्ठभाग छान सपाट होतो, आणि तिथेच घोळ होतो. अभ्रक, केओलिनाइट, गिब्साइट यांचे कण चपटे. दाबले की ते सतरंजीवर टाकलेल्या पत्त्यांसारखे आडवे पडतात. मग त्यांच्या सपाट बाजूच्या रेषा वाजवीपेक्षा उंच येतात आणि कडेच्या रेषा गायब होतात.

वाडीच्या केंद्रात हा केवळ पुस्तकी मुद्दा राहत नाही. बॉक्साइटमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुख्यतः दोन खनिजांत असते, गिब्साइट आणि बोहमाइट. गिब्साइट गरम कॉस्टिक सोड्यात साधारण १४०-१५० अंश सेल्सियसला विरघळते. बोहमाइटला २०० च्या बरेच वर, २४० च्या आसपास न्यावे लागते. म्हणजे वाफ वेगळी, दाब वेगळा, भांडी वेगळी, खर्च वेगळा. शिवाय बॉक्साइटमधले केओलिनाइट सोडा गिळते, आणि तो सोडा परत मिळत नाही. गिब्साइटची मुख्य रेषा ४.८५ अँगस्ट्रॉमची (अणूंच्या थरांमधले अंतर मोजण्याचे हे एकक), तीही त्याच्या चपट्या बाजूचीच. काचपट्टीने जोरात दाबलेल्या नमुन्यात गिब्साइट फुगून दिसणार, आणि त्या आकड्यावर कारखान्याने तापमान ठरवले तर न विरघळलेले बोहमाइट लाल गाळाबरोबर तलावात जाणार. म्हणून खळग्याचे तोंड काचेवर पालथे धरून भुकटी मागून भरतात. जो पृष्ठभाग किरणाला दाखवायचा त्यावर दाब कमीत कमी येतो. उपाय अगदी साधा आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणात पैशापुरते पाहिले तर सर्वांत मोलाचा.

आता काळी माती. विदर्भातल्या जुन्या जमीनमोजणीत काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी प्रतवारी असे, आणि शेतकरी आजही या शब्दांनी जमीन ओळखतो. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडतात, आणि तिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंती दरसाल तडकतात. हे सगळे करणारे खनिज तिच्या सर्वांत बारीक भागात, दोन मायक्रॉनच्या खाली असते. ते पाहायचे तर दळून चालत नाही. दळले की क्वार्ट्झही दोन मायक्रॉनचा होतो आणि मिसळून जातो. माती दळायची नाही, सोडवायची. ओव्हनमध्येही टाकायची नाही. नमुन्यात हॅलॉयसाइट असेल तर साध्या उष्णतेनेही त्याचे पाणी जाते आणि ते परत येत नाही. दहा अँगस्ट्रॉमचे खनिज सातचे होऊन बसते.

कणांना बांधून ठेवणारे तीन: चुना, कुजलेला पाला आणि लोहाची गंजासारखी साय. चुन्याचे खडे या जमिनीत भरपूर. ते हायड्रोक्लोरिक आम्लाने चटकन जातात, पण आम्ल मातीचे खनिजही कुरतडते, म्हणून पीएच ५ ला बांधलेले सोडियम अ‍ॅसिटेटचे द्रावण वापरतात आणि वेळ देतात. पाल्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. रंगावरून काळ्या जमिनीत सेंद्रिय अंश फार असावा असे वाटते, प्रत्यक्षात विदर्भातल्या या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आत असतो. पेरॉक्साइड टाकताना मात्र हात आखडता हवा: मातीत मँगनीजच्या काळ्या गुठळ्या असतील तर पेरॉक्साइड त्यांच्या संपर्काने एकदम फुटते आणि फेस भांड्याबाहेर येतो. लोहासाठी मेहरा आणि जॅक्सन यांनी १९६० मध्ये मांडलेली डायथायोनाइट, सायट्रेट आणि बायकार्बोनेट यांची रीत आहे. लाल माती तिने अर्ध्या तासात राखाडी होते. पाहताना समाधान वाटते, पण डायथायोनाइट लोहयुक्त खनिजाच्या आतल्या लोहालाही हात घालते. ज्या हिरव्या मातीत लोह हाच खनिजाचा गाभा आहे तिला ही रीत लावणे म्हणजे जे शोधायचे त्यालाच इजा करणे. प्रत्येक धुण्याची अशी किंमत आहे. पुस्तकात दिलेले सगळे उपचार क्रमाने करण्याची सवय मला घातक वाटते. माती जेवढ्यात सुटेल तेवढेच करावे.

सुटलेली माती पाण्यात ढवळून उंच काचेच्या नळकांड्यात भरतात. क्षार उरले असतील तर अर्ध्या तासात सगळे साकळून तळाशी बसते आणि वर नितळ पाणी राहते. तुरटी फिरवल्यावर पाणी निवळते ते याच कारणाने. इथे निवळलेले पाणी म्हणजे फसलेले काम. क्षार धुऊन काढले, चिमूटभर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट टाकले, की कण एकमेकांना दूर ठेवतात आणि पाणी दिवसभर गढूळ राहते. मग काम सुरू होते स्टोक्सच्या नियमाचे. जाड कण लवकर बसतो, बारीक उशिरा, आणि वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. पाणी २० अंशांचे असेल तर ५० मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली यायला पाऊण मिनिट लावतो. दोन मायक्रॉनचा कण तेवढ्याच अंतराला ७ तास ४४ मिनिटे. म्हणून ढवळून पावणेआठ तास थांबायचे आणि वरचे १० सेंटिमीटर पाणी सायफनने काढून घ्यायचे. त्यात दोन मायक्रॉनपेक्षा मोठा कण नसतो. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणे, पुन्हा थांबणे, वरचे पाणी स्वच्छ येईपर्यंत.

पण हा आकडा २० अंशांचा, आणि नागपूर २० अंशांवर राहते ते डिसेंबर-जानेवारीत. पाणी तापले की पातळ होते आणि कण वेगाने बसतात. ३० अंशांना तोच वेळ ६ तास ९ मिनिटे, ३५ ला साडेपाच तास, ४० ला पाच. मे महिन्यात थंडीच्या दिवसांचा तक्ता भिंतीवर तसाच ठेवून कोणी पावणेआठ तास थांबले, तर दोन मायक्रॉनचे कण कधीच खाली गेलेले असतात. हाती येते ती दीड-पावणेदोन मायक्रॉनच्या आतलीच माती, आणि चिकणमातीची टक्केवारी कमी भरते. उलटी चूक, म्हणजे उन्हाळ्याचा तक्ता थंडीत वापरणे, जास्त वाईट, कारण त्यात जाड क्वार्ट्झ आत शिरतो. नळकांडे खिडकीपाशी ठेवले आणि एका बाजूने ऊन लागले तर पाण्यात आतल्या आत प्रवाह सुरू होतात आणि कोणताच तक्ता चालत नाही. कूलरच्या टेबलावर ठेवले तर त्याची थरथर.

गोळा केलेल्या चिकणमातीचे दोन भाग करतात. एक मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात, दुसरा पोटॅशियम क्लोराइडच्या, म्हणजे थरांमध्ये कोणता आयन आहे हे आपल्याला माहीत असते. जादा क्षार धुऊन ती काचपट्टीवर थेंबाथेंबाने सोडून सपाट जागी वाळू द्यायची. मघाशी भुकटीत जे टाळले तेच इथे मुद्दाम करायचे: सगळे चपटे कण आडवे पडले पाहिजेत, कारण आता थरांमधले अंतर हीच ओळख आहे आणि ती रेषा जितकी ठळक तितके बरे. थर फार जाड झाला, किंवा मे महिन्याच्या कोरड्या हवेत घाईने वाळला, तर तो तडकून कडांनी वळतो आणि सकाळी काचेवरून सुटून पडलेला असतो. पट्टी झाकून, सावकाश वाळवणे एवढाच त्यावर उपाय.

मग एकाच मातीचे अनेक आलेख. मॅग्नेशियमची पट्टी तशीच: काळ्या मातीत १४ ते १५ अँगस्ट्रॉमला रेषा येते. तिच्यावरून काहीच ठरत नाही, कारण स्मेक्टाइट, व्हर्मिक्युलाइट, क्लोराइट तिघेही तिथेच असतात. तीच पट्टी रात्रभर ६० अंशांना इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवली आणि रेषा १७ वर सरकली, तर थर फुगले: स्मेक्टाइट. पोटॅशियमची पट्टी ११०, ३००, ५५० अंशांना तापवत न्यायची. स्मेक्टाइट आणि व्हर्मिक्युलाइट दबून १० वर येतात, क्लोराइट १४ वर ठाम राहते. ७.१५ ची केओलिनाइटची रेषा ५५० ला नाहीशी होते. तिथे क्लोराइटचीही एक रेषा घुसलेली असते, म्हणून ३.५८ आणि ३.५४ या शेजारच्या दोन रेषा वेगळ्या दिसतात का हेही पाहावे लागते.

नागपूरची हवा इथेही आडवी येते. स्मेक्टाइट थरांमध्ये पाणी धरते आणि ते हवेतल्या ओलाव्याप्रमाणे बदलते. ओलसर हवेत दोन थर पाणी, रेषा १५ जवळ. हवा फार कोरडी झाली की एक थर निघून जातो आणि रेषा साडेबाराकडे सरकू लागते. तीच पट्टी जुलैत आणि मेमध्ये, किंवा एसीच्या खोलीत आणि कूलरच्या खोलीत, वेगळी दिसू शकते. ग्लायकॉल दिलेल्या पट्टीला ही लहर कमी, म्हणून निकाल तिच्यावर द्यायचा.

मृदा ब्यूरोत डी. के. पाल, टी. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे याच पट्ट्यांच्या आधारे काळ्या जमिनीचा इतिहास लावला. तिच्यातले स्मेक्टाइट बसाल्टातल्या प्लॅजिओक्लेजच्या झिजेतून आले. त्याच बसाल्टावर सह्याद्रीच्या मुसळधार पावसात ते तसे टिकत नाही. त्याचे थर केओलिनाइटच्या थरांशी मिसळू लागतात आणि आलेखात टोकदार रेषेऐवजी एक तिरपा पसरट उंचवटा येतो. पट्टी नीट वाळवलेली नसेल तर तोही तिरपा येतो, आणि ही दोन तिरपेपणे वेगळी ओळखण्यात माणसाचा अनुभव दिसतो.

आडव्या पट्टीला एक प्रश्न मात्र विचारता येत नाही. बसाल्टाच्या पोकळ्यांतली हिरवी माती सेलाडोनाइट आहे की ग्लॉकोनाइट? दोन्ही अभ्रकाच्या घराण्यातली, दोघांची मुख्य रेषा १० अँगस्ट्रॉमची. फरक दिसतो तो थराच्या आतल्या मापात, १.५१ च्या आसपासच्या एका लहान रेषेत: सेलाडोनाइटची किंचित खाली, ग्लॉकोनाइटची किंचित वर. तांब्याच्या क्ष-किरण नळीने पाहिले तर ६१ अंशांपाशी, अर्ध्या अंशाचाही फरक नाही. कण आडवे झोपवले की ही रेषा दिसतच नाही. त्यासाठी तीच माती भुकटी म्हणून, कण वाटेल तसे वळलेले ठेवून, मागून भरायची आणि यंत्र सावकाश चालवायचे. पहिले खनिज बसाल्टात नेहमीचे, दुसरे प्रामुख्याने समुद्राच्या तळाचे. कॅल्साइटात विखुरलेल्या हिरव्या कणांसाठी आधी चुना अ‍ॅसिटेटने काढून टाकायचा, मग हे.

नळीचाही विचार करावा लागतो. बहुतेक यंत्रांत तांब्याची नळी असते. तिचे किरण लोहाला उत्तेजित करतात आणि लोह स्वतःचे किरण सोडू लागते. बसाल्टात लोहाची ऑक्साइडे दहा टक्क्यांहून अधिक, म्हणून आलेखाची पार्श्वभूमी उचलली जाते आणि बारीक रेषा तिच्यात बुडतात. कोबाल्टची नळी लावली तर लोह शांत राहते. पण मनसर-कांद्रीचे मँगनीज धातुक लावले तर कोबाल्टचे किरण मँगनीजला उठवतात; तिथे लोखंडाची नळी बरी, किंवा मधे नको ते किरण अडवणारा स्फटिक हवा. नळी बदलली की सगळे कोन बदलतात. क्वार्ट्झची ३.३४ ची रेषा तांब्याने २६.६ अंशांना, कोबाल्टने ३१ अंशांना. म्हणून जाणकार कोन सांगत नाहीत, अँगस्ट्रॉम सांगतात.

नळकांड्याच्या तळाशी बसलेला जाडा भाग बहुतेक जण फेकून देतात, कारण शोध चिकणमातीचा असतो. काळ्या जमिनीच्या बाबतीत ते फार महागात पडले असते. वाळू आणि पोयट्याच्या आकाराच्या त्या कणांत झिओलाइट सापडतात, बसाल्टाच्या पोकळ्यांत वाढलेले, ९ अँगस्ट्रॉमजवळ रेषा देणारे. ब्यूरोच्या संशोधकांनी दाखवले की हे झिओलाइट जमिनीला हळूहळू कॅल्शियम पुरवत राहतात, म्हणून स्मेक्टाइट टिकते आणि पाणी जिरते. जिथे ते नाहीत तिथे जमीन लवकर चोपण होण्याकडे झुकते. झिओलाइट कोणते, याची कसोटी सोपी आहे. तोच जाडा भाग ४५० अंशांना रात्रभर तापवायचा आणि सकाळी पुन्हा यंत्रात लावायचा. ९ ची रेषा कोसळली तर ह्यूलँडाइट, टिकली तर क्लिनोप्टिलोलाइट.